स्कूटरवर दोन मुलं आणि एक नंदी

नागपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच गोष्टी विचारतात. ऊन कसं होतं, आणि संत्री आणलीत का? मी गेले श्रावणाच्या शेवटी. ऊन नव्हतं आणि संत्री झाडांवर हिरवीगार, लिंबाएवढी होती. तेव्हा या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे आहे ती एका रस्त्याची हकिगत. तो रस्ता नागपूरहून काटोलला जातो, साठेक किलोमीटरचा आहे, आणि तो मी माझ्या दोन भाचरांना घेऊन स्कूटरवरून केला. प्रवास म्हणून सांगावं असं त्यात अंतर फार नाही. पण काश्मीर पाहून आले तेव्हासुद्धा माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं नव्हतं.

महाल

माझी थोरली बहीण सुधाताई लग्न होऊन नागपूरला गेली त्याला अकरा वर्षं झाली. महालातल्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर तिचं बिऱ्हाड आहे. यंदा तिला तिसऱ्या खेपेचा सातवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलं. त्याच आठवड्यात भाऊजी न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. पत्र आलं, मी कचेरीतून रजा काढली आणि गाडीत बसले.

ताईची मुलं दोन. मीनू नऊ वर्षांची आणि बाळ्या पाचाचा. मी पोचले तेव्हा घरात दोन आजारी माणसांपेक्षा मोठं दुःख चाललं होतं. बाळ्या जेवत नव्हता. पोळा तीन दिवसांवर आला होता आणि यंदा काटोलला जाणं रद्द झालं होतं.

आपल्याकडे बैलपोळा म्हणजे बैलांचा सण. नागपूरकडे त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, आणि तो मुलांचा. प्रत्येक मुलाचा स्वतःचा लाकडी बैल असतो, चाकं लावलेला. त्याला नंदी म्हणतात. त्याला रंग देतात, झूल घालतात, गळ्यात घुंगरं बांधतात, आणि मग गावातली सगळी पोरं आपापले नंदी दोरीनं ओढत एका जागी जमतात. बाळ्याचा नंदी गुडघ्याएवढा होता, पांढरा, शिंगं लाल. दरवर्षी भाऊजी दोन्ही मुलांना आणि नंदीला स्कूटरवर घालून काटोलला आपल्या वडिलांकडे नेत. बसनं पाठवावं तर मीनूला बस लागते. बसच्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर तिचा चेहरा पिवळा पडतो म्हणे.

"मी नेते की," मी म्हणाले. "मी चार वर्षं पुण्यात स्कूटर चालवतेय."

ताईनं पलंगावरून मान वर केली. "शालू, तू कधी मुलांना मागं घेतलंयस?"

"त्यात काय घ्यायचंय? बसतील."

हे मी कोणत्या तोऱ्यात म्हणाले ते मला आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. मी स्कूटरवर आजवर भाजी नेली होती, शिलाई मशीनचं डोकं नेलं होतं, एकदा आईला दवाखान्यात नेलं होतं. मूल नेलं नव्हतं. आमच्याकडे अजून सायकलींचं राज्य आहे. मुलाला दांडीवर छोटी गादी बांधतात आणि शाळेत सोडतात. नागपूरला मी पाहिलं तर एकेका स्कूटरवर आख्खं बिऱ्हाड. पुढे एक उभं, मध्ये एक चेपलेलं, मागे बायको, तिच्या मांडीवर एक, आणि सगळी मंडळी गप्पा मारत चाललेली.

दुसऱ्या दिवशी बोळात माझी तालीम झाली. शिकवणारी मीनू. बाळ्या पुढे, माझ्या दोन हातांच्या मध्ये उभा राहतो. त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली येतं. मी गिअर टाकताना तो डावं कोपर आपणहून आत घेतो, वळणावर अंग कोणत्या बाजूला टाकायचं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मीनू मागे, दोन्हीकडे पाय टाकून.

"आणि पाह्य मावशी, मी बसली का मी 'चल' म्हणते. बाबा तवाच गाडी काढतात. त्याच्या आधी नाई काढायची."

"बरं बाई."

शेजारच्या गिरजाबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. "काहून वं शालूबाई, पुण्यात सगळ्याच बाया गाडी चालवतात?"

"सगळ्या नाही, पण खूप."

"अन् माणसं काय करतात मंग?"

"मागं बसतात," मी म्हणाले. गिरजाबाई इतक्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं.

कळमेश्वर

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. नंदीला मागच्या जादा चाकावर उभा करून भाऊजींनी डाव्या हातानं, दातात दोरी धरून बांधला. त्याचं तोंड मागं, पाठ मीनूच्या पाठीला. एकूण वजन बरंच झालं, पण गाडी सुरळीत निघाली.

गाव सुटलं, गोरेवाड्याचं रान लागलं आणि हवेत एकदम गारवा आला. पुण्याकडच्या रस्त्यांना डोंगर सोबत करतात. इथं डोंगर नाही. काळी जमीन सपाट पसरलेली, तिच्यावर कमरेएवढी कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी, आणि आभाळ एवढं मोठं की पाऊस कुठं पडतोय आणि कुठं नाही हे दोन्ही एकाच वेळी दिसतं. बाळ्या पुढे उभा राहून मला सगळं दाखवत होता. ते झाड, तो बैल, तो दुसरा बैल. मीनू मागून त्याच्या चुका दुरुस्त करत होती. माझ्या छातीशी एक मूल आणि पाठीशी एक, दोघंही बोलतायत, आणि मधून मी चाललेय. मला आयुष्यात एवढं भरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मी चौतीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही. तरी हे वाटलं, म्हणून लिहिते.

कळमेश्वरला चहाच्या टपरीपाशी थांबलो. मोठ्या कढईत पोहे, आणि वर ओतायला हरभऱ्याचा लालभडक रस्सा. त्याला तर्री म्हणतात. पोह्यांवर रस्सा ही कल्पनाच आमच्याकडे कोणाला सहन होणार नाही. मी एक घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मीनूनं स्वतःची बशी चाटूनपुसून साफ केली आणि माझी मागितली.

टपरीचा मालक म्हातारा होता, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. "पोरं तुमचीच का बाई?"

"भाचरं आहेत."

"चांगलं आहे. सांभाळून जा. पुढं सडक ओली आहे."

मग निघायची घाई झाली, कारण काटोलच्या बाजूनं पाऊस येताना दिसत होता. मी बाळ्याला पुढे उभं केलं, किक मारली. मीनू म्हणाली, "मी हात धुऊन येते." हे मी ऐकलं होतं का? ऐकलं असणार. एक ट्रक अगदी अंगावरून गेला, भोंगा वाजवत. गाडी हलली, नंदीची घुंगरं वाजली, आणि ट्रकच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "चल!"

मी गाडी काढली.

चार किलोमीटर गेलो असू, कदाचित पाच. भुरभुर सुरू झाली होती. मी मागे तोंड न करता म्हणाले, "मीनू, थंडी वाजतेय का गं?" उत्तर नाही. "मीनू?" बाळ्यानंही हाक मारली, "ताई!" मी डावा हात मागं नेला. बोटांना गार, ओलं लाकूड लागलं. नंदीची पाठ.

गाडी कशी थांबवली ते आठवत नाही. एवढं आठवतं की ती थांबताना घसरली, कलली, आणि मी एका हातानं बाळ्याला कवटाळून ती मांडीवर तोलली. दोरी सैल झाली आणि नंदी चिखलात पडला. त्याचं एक शिंग मोडलं. मागची सीट रिकामी होती. तिच्यावर पावसाचे थेंब साचलेले होते, म्हणजे बराच वेळ तिथं कोणीच बसलेलं नव्हतं.

पहिला विचार मनात आला तो असा, की ती पडली. रस्त्यात कुठंतरी पडली आणि मला कळलं नाही.

"बाळ्या, तू 'चल' म्हणालास का? कळमेश्वरला?"

त्याचा खालचा ओठ पुढं आला. "मी ताईसारखं म्हटलं." आणि तो रडायला लागला, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. त्याला सगळं समजलं होतं. मला वाटलं होतं तेवढा तो लहान नव्हता. मी त्याला घट्ट धरलं आणि सांगितलं, "तुझी काही चूक नाही. गाडी मी चालवतेय. बघायचं मी होतं." हे बोलताना मला ते किती खरं आहे ते कळत होतं.

म्हणजे ती पडली नव्हती. टपरीवर राहिली होती. पण नऊ वर्षांची मुलगी, अनोळखी गाव, आणि मावशी डोळ्यांदेखत निघून गेलेली.

नंदीला उचलून पुन्हा बांधला आणि परत फिरले. जोरात जावं तर रस्ता ओला आणि पुढे बाळ्या. हळू जावं तर जीव थाऱ्यावर नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना डोळे लावून चालले होते. तेवढ्यात समोरून एक मोटरसायकल आली. पुढे पागोटंवाला माणूस, टाकीवर एक पोर, मागे आणखी किती कोण जाणे, सगळ्यांवर मिळून एक मेणकापड पांघरलेलं. एक मोठं भिजलेलं गाठोडंच चाललंय असं वाटलं. मनात म्हणाले, काय ही माणसं, पोरं कोंबतात तरी किती! त्या मेणकापडातून एक छोटा हात बाहेर आला आणि हलला. मला हात हलवायची इच्छा नव्हती. मी पुढे गेले.

टपरीवर मीनू नव्हती.

"ते तं गेली ना बाई!" म्हातारा कढईवरचा झारा तसाच हातात घेऊन बाहेर आला. "पोरगी रडली नाई, काई नाई. म्हणे, मावशी येते वापस. मी म्हटलं बस. तेवढ्यात वामनराव आला, संत्र्याचा बागवान आहे तो, इकडचाच. पोळ्याचा बाजार करून घरी चालला होता. त्याच्या बायकोनं पोरीले घेतलं अन् तुमच्या मागं निघाले. सडकेवर भेटले नाई का?"

तेव्हा मला तो हात आठवला.

मी वळले, गाडीकडे धावले. म्हाताऱ्यानं सरळ माझ्या गाडीच्या किल्लीवर हात ठेवला. "आता हालू नका."

"अहो, पण ती..."

"बाई, ऐका माहं. तिनं तुम्हाले पाह्यलं असन. थे वापस येऊन राहिले असतील. तुम्ही आता गेल्या तं पुन्हा चुकामूक होईन. एकानं एका जागी थांबा लागते."

म्हणून मी थांबले. दहा मिनिटं असतील, फार तर बारा. त्यानं बाळ्याला कढईजवळ ऊब घ्यायला बसवलं, मला चहा दिला, तो मी हातात धरून उभी राहिले. वामनरावांना मी ओळखत नव्हते. त्यांच्या बायकोला ओळखत नव्हते. म्हाताऱ्यालाही ओळखत नव्हते, पण सध्या त्याच्या शब्दावर माझ्या बहिणीची मुलगी होती. पलंगावर पडलेली सुधाताई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तिला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

मग मोटरसायकलचा आवाज आला.

मेणकापड दूर झालं आणि मीनू खाली उतरली. कोरडी ठणठणीत. मी धावले, पण ती माझ्या बाजूनं वळून थेट बाळ्याकडे गेली. फ्रॉकच्या टोकानं त्याचं नाक पुसलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मी हात केला होता," ती म्हणाली. "तू पाह्यलंच नाई."

पुढचा रस्ता

वामनराव उंच, हडकुळे, कमी बोलणारे. बोलण्याचं काम त्यांच्या बायकोकडे, शेवंताबाईंकडे. त्यांनी मला बाकावर बसवलं, चहाचा गार झालेला पेला काढून घेतला आणि दुसरा हातात दिला.

"रडू नका. पोरगी सापडली आता काहून रडता?"

मला रडतेय हे ठाऊकच नव्हतं.

निघायची वेळ झाली तेव्हा खरी अडचण आली. मीनू हाताची घडी घालून उभी राहिली. "मी मावशीच्या गाडीवर बसत नाई."

मी समजूत घातली, माफी मागितली. ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. ती अगदी शांतपणे सांगत होती, जसं आपण एखादी फळी पायाखाली कच्ची लागली की तिच्यावर पुन्हा पाय देत नाही. "मी बसमध्ये जाते," ती म्हणाली. बसचं नाव काढल्याबरोबर पिवळी पडणारी मुलगी.

मी वामनरावांकडे बघितलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. शेवंताबाईंनी आपल्या मुलीला पुढं ढकललं. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी.

"असं करू. तुमची मीनू येईन आमच्यासंग, आमच्या फाट्यापर्यंत. अन् माही कुंदा बसन तुमच्या मागं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, मी आत्ताच एक मूल विसरून गेले होते."

"म्हणून तं देऊन राहिली," शेवंताबाई म्हणाल्या. "आज तुमच्याइतकं पोर सांभाळून कोणी नेणार नाई या सडकेवर."

त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, कुंदाला माझ्या मागे बसवलं आणि तिच्या पाठीमागून माझ्या पोटावर आणून गाठ मारली. "लेकरू मागं असलं तं बांधून घ्या. अन् बोलतं ठेवा. गप झालं का थांबायचं, पाह्यचं, मंग निघायचं. मी पहिल्यांदा यांच्या मागं गाडीवर बसली तवा कुंदा माह्या मांडीवर झोपली अन् मी तिच्या आधी झोपली." वामनराव पहिल्यांदा हसले.

तशी आमची दोन गाड्यांची वरात निघाली. पुढे मोटरसायकल, मागे मी, ताशी वीसच्या वेगानं. कुंदाला बोलतं ठेवायची गरज नव्हती. बाई गाडी चालवते याचा तिला एवढा आनंद झाला होता की भेटेल त्या माणसाला ती ओरडून सांगत होती. एका बैलगाडीवाल्यानं बैलच थांबवले. "काय गा, खरंच बाई आहे!" तो शेजारच्याला म्हणाला. पाऊस उघडला होता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, काळसर हिरव्या, रांगेत लावलेल्या. पण माझं लक्ष पुढच्या गाडीवर होतं. मोटरसायकलवर शेवंताबाईंच्या पुढ्यात मीनू बसली होती, आणि दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघत होती. आधी मला वाटलं, भावाला बघतेय. मग एका वळणावर तिनं कुंदाच्या दुपट्ट्याकडे बोट करून गाठ सुटत असल्याची खूण केली. मी थांबले. खरंच सुटत आली होती.

त्यांच्या गावाचा फाटा आला. कुंदा उतरली. शेवंताबाईंनी दुपट्टा सोडला आणि माझ्या हातात ठेवला. "परत जाताना द्या." मीनू स्कूटरपाशी आली. नंदीच्या मोडक्या शिंगावर बोट फिरवलं. मग चढली. दुपट्टा बांधला. मी गाडी चालू ठेवून थांबून राहिले. वामनराव निघाले नव्हते. शेवंताबाई निघाल्या नव्हत्या. बाळ्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "चल."

काटोल

मुलांच्या आजोबांना मी अंगणातच सांगितलं, चप्पल काढायच्या आधी. ते शांतपणे ऐकत होते. मोठ्या मिशा, कपाळावर दुपारच्या झोपेची वळी. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सुधाले सांगाल?"

"हो. सांगणार."

"सांगा. पण लेकरं तिच्यासमोर उभी करून सांगा. फोनवर नको."

मग त्यांनी नंदी उचलून नेला. संध्याकाळी बघितलं तर ते ओसरीवर बसून संत्र्याची एक वाळकी फांदी तासत होते. बाळ्या शेजारी उकिडवा. नवीन शिंग जुन्यापेक्षा बोटभर लांब झालं.

पोळ्याच्या दिवशी खरे बैल बघितले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळावर गोंडे. जेवायला पुरणाच्या पोळ्या. आमच्याकडची पुरणपोळी कागदासारखी पातळ, ही तळहाताएवढ्या जाडीची, आत पुरण ठासलेलं. पोळीसोबत कटाची आमटी हवी असं मी म्हणाले, तर मुलांच्या आजी म्हणाल्या, "थे काय असते?" त्यांनी मला कढी आणि भजी वाढली, आणि वाटीभर तूप. दुसऱ्या पोळीनंतर मी आमटीचं नाव काढलं नाही.

तान्ह्या पोळ्याला गावातल्या मोकळ्या पटांगणात तोरण बांधलं होतं. शंभरेक पोरं असतील, शंभर नंदी. काही माझ्या मुठीएवढे, एक तर एवढा मोठा की चार जण ओढत होते. बाळ्याचा नंदी कोणालाही दुरून ओळखू येत होता, एक शिंग आखूड लाल, एक लांब पिवळट. पोरं हसली. बाळ्या म्हणाला, "आमच्या नंदीचा अॅक्सिडेंट झाला होता," आणि इतक्या ऐटीत म्हणाला की हसणारी पोरं गोळा होऊन हकिगत ऐकायला लागली. हकिगतीत मी होते, ट्रक होता, पाऊस होता. 'चल' कोण म्हणालं हे त्यानं गाळलं. मीनू शेजारीच उभी होती. तिनं ते दुरुस्त केलं नाही.

परत

निघताना आजोबांनी मीनूला विचारलं, "मी येऊ का संगं बसनं?" ती नाही म्हणाली आणि स्कूटरवर जाऊन बसली. स्वतः दुपट्टा बांधला.

फाट्यावरून आत शेवंताबाईंच्या घरी गेलो. दुपट्टा धुऊन आणला होता. त्यांनी तो परत घेतला आणि दुसरा, जुना पण मऊ, आणून दिला. सोबत मक्याची कणसं. कुंदा आणि मीनू बागेत पळाल्या त्या अर्ध्या तासानं सापडल्या. वामनरावांनी माझ्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा बघितली, पंप आणला, भरली, आणि न बोलता घरात गेले.

परतीच्या रस्त्यावर मी मीनूला सांगितलं होतं, सारखी बोल. कळमेश्वरपर्यंत ती बोलली. टपरीवर म्हाताऱ्यानं दोघांना पोहे दिले. नंतर तिचा आवाज मंद झाला, मग शब्द तुटक आले, मग थांबले. मी लगेच गाडी कडेला घेतली आणि वळून बघितलं. ती झोपली होती. गाल माझ्या पाठीला चिकटलेला, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात माझ्या कमरेभोवती. उठवावं असं मनात आलं. पण दुपट्ट्याची गाठ पक्की होती. मी ती आणखी एकदा आवळली, साडीचा पदर खोचला, आणि निघाले. ताशी पंधरा. सायकलवाले पुढे जात होते. ट्रकवाले भोंगे वाजवत होते. माझ्या पाठीवर जिथं तिचा गाल होता तिथं ऊन ऊन लागत होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला तो गाल किंचित उचलला जाऊन पुन्हा टेकत होता. महाल येईपर्यंत मी एकदाही पाठ हलवली नाही.

सुधाताईला सांगितलं. आजोबांनी म्हटलं तसं, दोन्ही मुलं तिच्या पलंगापाशी उभी करून, सगळं. ताईनं मीनूला जवळ ओढलं, तिच्या केसांतून हात फिरवला, बाळ्याचे गुडघे तपासले. माझ्याशी बोलली नाही. जेवणाच्या वेळी बोलली नाही. भाऊजी मध्ये काहीतरी म्हणायला गेले, तिनं मान वळवली. लहानपणी ती रागावली की असंच करायची, आणि मला तेव्हाही मारापेक्षा ते जड जायचं.

सकाळी मुलांची शाळा होती. मी मुकाट्यानं डबे भरले. भाऊजी म्हणाले, मी पायी सोडून येतो. मुलं गणवेश घालून दारात उभी होती.

"शालू," ताई आतून म्हणाली. रात्रभर न बोलल्यामुळे तिची हाक घोगरी लागली. "तू सोड. मीनूची घंटा आधी होते. आधी तिला सोड, मग बाळ्याला."

मी चावी घेतली. बोळात गाडी काढली, बाळ्या पुढे उभा राहिला, कोपर आत घेतलं. मीनू मागे बसली. पाठीवर हलकेच दोन बोटं टेकली.

"चल," ती म्हणाली. आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत कानाशी, "मावशी, आई खिडकीत उभी आहे. डॉक्टरीणबाईनं नाई म्हटलं होतं ना उठाले? हात करून राहिली."

या वेळी मी गाडी थांबवली, वळले आणि हात केला.